आठ फुटी आरमार

नव्या मुंबईत घर घेताना माणूस खाडीचे वेगळे पैसे भरतो. कारण गॅलरीतून खाडी दिसते. गॅलरी नसेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तिथूनही नसेल, तर गच्चीवर टाकीच्या डाव्या अंगाला उभं राहून मान उजवीकडे वळवली की दिसते. दलालाने तसं उभं करून दाखवलेलंच असतं. पैसे भरून झाले की माणूस खिडकीला काच लावतो, काचेला जाळी लावतो, जाळीला पडदा लावतो आणि डास येतात म्हणून संध्याकाळी सहाला सगळं बंद करून टीव्हीवर समुद्र बघतो. सिडको स्थापन झाली १९७० साली. तेव्हापासून पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला पनवेलची खाडी यांच्या मधल्या या शहरात पिढ्या वाढल्या, पण कोळीवाडे सोडले तर त्या पाण्यात कुणाचा पाय भिजला असेल अशी शंका घ्यायला जागा नाही. खाडीशी आपला संबंध वाशीच्या पुलावरून जाताना येतो. तोही लोकलच्या दारातून निर्माल्याची पिशवी भिरकावण्यापुरता.

या परंपरेत आमच्या दाजींनी होडी बांधायला काढली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला सीबीडी बेलापूरला, सेक्टर आठमध्ये, आर्टिस्ट व्हिलेजात. वर्षानुवर्षं यंत्रांच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले. हाताला काम नसलं की त्यांना अपचन होतं, आणि त्यांना अपचन झालं की ताईला डोकेदुखी. या रोगावर उपाय म्हणून ताईने स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं. मिस्त्री आला, त्याने प्लायवूड उतरवला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहब, मरीन प्लाय है. समंदर में डालो तो भी कुछ नहीं होगा."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात एकदा तरी उच्चारलं गेलं आहे. आजवर सगळ्यांनी मान डोलावून त्याचे जादा पैसे दिले. दाजी मात्र विचारात पडले. त्यांनी प्लायवरचा 'आयएस ७१०' हा शिक्का वाचला आणि त्याचा अर्थ शोधून काढला. या प्रतीच्या प्लायचा तुकडा बहात्तर तास पाण्यात उकळतात आणि तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी ती परीक्षा. "तीन दिवस, तीन रात्री उकळून जो टिकतो," दाजी जेवताना म्हणाले, "त्याच्यात आपण कांदे-बटाटे ठेवणार?"

ताई म्हणाली, "मग काय ठेवणार?"

"माणसं," दाजी म्हणाले.

ट्रॉल्यांचं काम अर्ध्यावर थांबलं ते तिथे.

दाजींच्या मनात त्याआधीपासून एक नाव घर करून होतं : दिलीप दोंदे. नौदलातल्या या अधिकाऱ्याने २००९-१० मध्ये 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला भारतीय. 'म्हादेई' बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. आत लाकूड, वरून फायबर. दाजींचा युक्तिवाद सरळ होता. छप्पन्न फुटी होडी जगाला वळसा घालून येते, तर आठ फुटी होडी बेलापूरच्या खाडीत रविवारी दुपारी दोन तास का फिरू नये? यात एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही. दोंदे एकटे गेले होते. त्यांनी आई, बायको, मुलं आणि मेहुणा बरोबर नेला नव्हता. तसं पाहिलं तर पृथ्वीप्रदक्षिणा हा सोपा पर्याय आहे.

होडी घरी बांधायची तर जागा लागते. ती दाजींना चार्ल्स कोरिया देऊन गेले होते. आर्टिस्ट व्हिलेज कोरियांनी १९८०च्या दशकात रचलं. सात घरं एका अंगणाभोवती, असे तीन पुंजके पुन्हा एका मोठ्या अंगणाभोवती. कुणाची भिंत कुणाला लागलेली नाही, कारण प्रत्येकाला पुढेमागे आपलं घर स्वतःच्या मनाने वाढवता यावं. लोकांनी ते मनावर घेऊन घरं वर वाढवली, पुढे वाढवली, तिरकी वाढवली. पाण्याच्या दिशेने वाढवणारे दाजी पहिलेच. मात्र सात घरांचं अंगण म्हणजे काय, हे होडी बांधायला काढल्याशिवाय कळत नाही. कोरियांना वाटलं असेल की तिथे मुलं खेळतील, बायका पापड वाळवतील. तसं होतंही. पण मुळात ते सहा घरांनी सातव्या घराला सल्ला देण्यासाठी बांधलेलं सभागृह आहे.

सभेचे अध्यक्ष समोरचे बँकेतले काका. त्यांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "बाहेर कशी काढणार?" अंगणातून रस्त्यावर जाणाऱ्या वाटेत आता तीन गाड्या उभ्या असतात. कोरियांनी ही घरं रचली तेव्हा कर्ज काढून मोटार घ्यायची पद्धत नव्हती. दाजी म्हणाले, "आधी होऊ तर दे." रॉबिन्सन क्रूसोने नेमकं हेच केलं होतं. भलामोठा देवदार तोडला, महिनोन् महिने खपून कोरला, आणि होडी तयार झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती पाण्यापर्यंत नेता येत नाही. त्याचं दुर्दैव एवढंच की त्या बेटावर शेजारी नव्हते. असते तर पहिला घाव घालायच्या आत विचारलं असतं.

काकांचा दुसरा आक्षेप ऐतिहासिक होता. "वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. १८१७ सालची 'ट्रिंकोमली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षं! आणि तुम्ही प्लायवूड आणता?" दाजींनी सागाचा आजचा भाव सांगितला. काका घरात गेले आणि चहा घेऊन बाहेर आले. दर ऐकल्यावर ब्रिटिश आरमाराचा त्यांचा अभिमान बराच उतरला होता.

आराखडा निवडायची वेळ आली तेव्हा दाजींच्या वहीत जगाचा इतिहास जमा झाला होता. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्सने मुलांसाठी दोन प्लायवूडांत बसणारी चपट्या नाकाची 'ऑप्टिमिस्ट' काढली. आज जगभरची पोरं तिच्यावर शिडं शिकतात. १९६३ मध्ये 'डेली मिरर' या लंडनच्या वर्तमानपत्राने आपल्या वाचकांना घरी बांधायची होडीच देऊ केली. आराखडा जॅक होल्टचा आणि टीव्हीवर सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलचा. लांबी अकरा फुटांना दोन इंच कमी, शीड लालभडक, किंमत साधारण चौसष्ट पौंड. बांधायची रीत अशी की फळ्या कापायच्या, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या आणि सांध्यावर आतून-बाहेरून फायबरची पट्टी डकवायची. सांगाडा नको, बाकदार फासळ्या नकोत, पिढीजात कसब नको. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. मराठी वर्तमानपत्रं वर्गणीदारांना फार तर स्टीलचा डबा देतात.

हे कौतुक दाजी सांगत असताना तिसऱ्या घरातले अलेप्पीचे शेजारी शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे होडी शिवतातच. काथ्याने. खिळा नाही." झालं! साहेबाने १९६३ मध्ये विकलेली युक्ती केरळच्या बॅकवॉटरमध्ये कुणाचे तरी आजोबा करत होते. आपल्या नौदलानेही मे २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' हे काथ्याने शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं. त्याचं रूप पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलं आहे. अजिंठा आपला, म्हणजे आराखडा महाराष्ट्राचा, असं काकांनी जाहीर केलं आणि अलेप्पीकरांशी पुढचे चार दिवस बोलणं बंद ठेवलं.

शिवायचं म्हटल्यावर कामाची सूत्रं ताईकडे गेली. सपाट तुकडे बेतून त्यांना अंगाची गोलाई आणणं ही विद्या दाजींना यंत्रांच्या कारखान्यात मिळाली नव्हती. ताईला ती ब्लाऊजांनी दिली होती. दाजी कोनमापक घेऊन कोन मोजत बसले होते. ताईने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "इथे टक्स द्या, नाहीतर बगलेत उचलणार." टक्स दिला. होडी बगलेत बसली. त्या दिवसापासून दाजींच्या वहीत होडीच्या दोन्ही बाजूंना 'बाह्या' असंच लिहिलेलं आहे. बँकेतले काका तारा पिळायला बसले, भाची भोकं पाडू लागली, आणि संध्याकाळपर्यंत अंगणात चपट्या नाकाची, पोटाला फुगीर, सर्वांगाला तांब्याचे काटे आलेली एक वस्तू उभी राहिली. शाळेतून येणाऱ्या मुलांनी तिला साळिंदर ठरवलं.

मग आला इपॉक्सी. हे दोन डब्यांचं प्रकरण असतं. एकात राळेसारखा द्रव, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारं रसायन. ठरल्या प्रमाणात कालवायचं आणि घट्ट व्हायच्या आत लावून मोकळं व्हायचं. इंग्लंडात कालवल्यावर माणूस निवांत चहा पिऊन येऊ शकत असावा. बेलापुरात एप्रिलच्या दुपारी, पारसिकच्या डोंगराची धग अंगणात उतरलेली असताना, दाजी कालवायचे, ब्रश कुठे आहे विचारायचे, ताई सांगायची, आणि ब्रश मिळेपर्यंत वाटीत दगड तयार असायचा. वाटी हातात धरवत नसे. रसायन घट्ट होताना स्वतःच तापतं, हे विज्ञान दाजींच्या तळहातावर उमटलं. शेवटी आजींनी, म्हणजे दाजींच्या मातुःश्रींनी, पहाटे पाचला काम करायचा हुकूम काढला. आजींनी आयुष्यभर पापडाच्या लाट्या उन्हाच्या आधी संपवल्या आहेत. पहाटे इपॉक्सी शहाण्यासारखा वागला.

सांधे भरून, तारा उपटून, रंग लावायचा तेवढा राहिला आणि पाऊस आला. दिवाळे कोळीवाड्यात या दिवसांत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्र उघडत नाही. आमची होडीही अंगणात ताडपत्रीखाली गेली. एका रात्री वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि सकाळी होडी काठोकाठ भरलेली. सहा घरं हळहळायला बाहेर आली. दाजी मात्र आनंदाने नाचायचे बाकी होते. "अहो, आतलं पाणी बाहेर जात नाही! म्हणजे बाहेरचं आत येणार नाही!" जलावतरणाआधीची गळती-चाचणी पावसाने फुकट करून दिली होती. ती नीट व्हावी म्हणून दाजींनी पाणी तसंच ठेवलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात डासांच्या अळ्या तपासायला घरोघर फिरणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या कागदावर टाकी, पिंप, कुंडी, टायर, फ्रिजचा ट्रे असे रकाने होते. होडीचा नव्हता. बाईंनी बराच वेळ होडीकडे पाहिलं, पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं : 'कुंडी (मोठी) – १.' दाजींच्या नौकेची सरकारदरबारी झालेली ही पहिली नोंद.

पाऊस सरल्यावर खरा प्रश्न निघाला : कुटुंबाला रविवार लागतो आणि खाडीला तिथी. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत जुनी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की तास मिळतात. अष्टमीला सहा, म्हणजे भरती पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, आणि ऐन दुपारी सगळा चिखल. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी जेमतेम येतं. उधाण पौर्णिमेला आणि अमावास्येला. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या होड्यासुद्धा भरती पाहूनच सुटतात. म्हणजे तिथी हवी द्वितीया-तृतीयेच्या आसपासची, त्या दिवशी रविवार हवा, त्या रविवारी भाच्याचा क्लास नको, भाचीची मॅच नको, आजींचा उपास नको, आणि कुणाचं लग्न नको. कालनिर्णय भिंतीवरून उतरून जेवणाच्या टेबलावर आलं. अंतराळयान सोडायला याहून कमी अटी असतात.

तृतीयेचा रविवार सापडला. भरती सव्वादोनला. बाराला निघायचं, पाणी चढत असताना उतरायचं, अडीचच्या आत परतायचं. दाजींनी बंदरखात्यात चौकशी करून ठेवली होती, जॅकेटं आणली होती. जागा दिवाळ्याच्या धक्क्याची, कारण इतरत्र काठाला कांदळवन आहे आणि २००५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून त्याला हात लावता येत नाही. ते बरंच आहे. ते कांदळवन नसतं, तर पाण्यापर्यंत इमारतीच गेल्या असत्या आणि होडी थेट कुणाच्या तरी पार्किंगमध्ये लागली असती. काकांनी स्वतः शेजाऱ्यांच्या तीन गाड्या हलवायला लावल्या, होडी छोटा हत्तीवर चढली आणि सायन-पनवेल महामार्गाखालून मिरवणूक दिवाळ्याला निघाली. टेम्पोत होडी पालथी आणि तिच्याखाली अलेप्पीचे शेजारी, दोर धरून.

होडीत तीन माणसं बसतात, फेऱ्या कराव्या लागणार, हे ठरलेलं होतं. कोण कुठे बसणार हे वजनावर अवलंबून. दाजींनी वही उघडून भर धक्क्यावर, माणसांसमोर, ताईला वजन विचारलं. तो प्रश्न ज्या शांततेत विरला, तीत ताईने पहिल्या फेरीला जायचं नाकारलं. मग पहिल्या फेरीला आजी, भाचा आणि वल्ह्यावर दाजी. पण त्याआधी नारळ फोडणं आलं, फोटो आले, आजींना जॅकेट साडीवरून की पदराखालून यावर चर्चा आली. साबुदाणावड्यांचा डबा होडीत न्यायचा की धक्क्यावर ठेवायचा यावर मतभेद झाले. होडी पाण्याला लागली तेव्हा अडीच वाजले होते. खाडीने वाट पाहिली नव्हती.

होडी तरंगली. हे मुद्दाम सांगतो, कारण सहा घरांपैकी चार घरांचा अंदाज वेगळा होता. ती सरळ तरंगली, आत थेंब आला नाही, आणि दाजींनी वल्हं मारलं की पुढेही गेली. फक्त ज्या दिशेला गेली ती त्यांनी निवडलेली नव्हती. दाजी वल्ह्यांना पुढे तोंड करून बसले होते. होडीत मागे तोंड करून बसायचं असतं, हे भाच्याने सांगितलं. आजी मात्र नाळेवर अशा ताठ बसल्या होत्या की आंग्र्यांनी पाहिलं असतं तर गलबत दिलं असतं. ओहोटी त्यांना हळूहळू खाडीच्या तोंडाकडे नेत होती. पुढच्या काही तासांत मी धक्क्यावरून जे पाहिलं ते असं : होडी जाते आहे, होडी थांबली आहे, होडीभोवतालचं पाणी निघून गेलं आहे. करड्या चिखलात, आठ फुटी नौकेत, तीन जण बसून वडे खाताहेत. (डबा शेवटी होडीतच गेला होता.) चिखलावरच्या निवट्या उड्या मारून जवळ येऊन बघत होत्या. आजींनी त्यांना वडा टाकला, असं भाचा सांगतो. निवट्यांनी खाल्ला की नाही यावर दाजी आणि भाचा यांच्यात अजून एकमत नाही.

एका कोळी बुवांनी आपल्या होडीतून पाणी होतं तिथवर जाऊन दोर फेकला आणि न हसता त्यांना ओढून आणलं. हसू आवरणं त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या मिशीवरून दिसत होतं. "बोट चांगली केलीय," ते म्हणाले. दाजींना एवढं बक्षीस पुरलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

धक्क्याच्या वर मासळी घेऊन बसलेल्या एक मावशी मघापासून हा प्रकार पाहत होत्या. आजी चिखलाने घोट्यापर्यंत माखून वर आल्या तेव्हा त्यांनी रीतसर विचारलं, "काय गावलं?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "फिरून आलो."

"फिरून? म्हंजे कुठं जाऊन?"

"कुठे नाही. असंच. मजा."

मावशींनी आमच्या होडीकडे पाहिलं, दाजींच्या हाताच्या फोडांकडे पाहिलं, वडे संपलेल्या डब्याकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरातलं माणूस होडी घेऊन गेलं ते काहीतरी आणण्यासाठी. काही न आणता, काही न आणायच्या इराद्याने, घाम गाळून परत येणारी माणसं त्या समोरासमोर बघत होत्या. समोरच्या टॉवरांत अशी हजारो राहतात याची त्यांना कल्पना होती. पण ती आजवर काचेच्या मागे असायची.

"वल्ही मारून दमलाव, आन काय नाय गावलं?" त्यांनी पुन्हा खात्री केली.

"गावलं ना," आजी पदराने हात पुसत म्हणाल्या. "भूक गावली. बोंबील कसे दिले?"

मावशींनी क्षणभर विचार केला. विनाकारण होडी बांधून, तीही शिवून, चिखलात बसून वडे खाणाऱ्या कुटुंबाला घासाघीस जमणं शक्य नाही, हे त्यांनी अचूक ताडलं, आणि बोंबलांचा भाव आमच्या डोळ्यांदेखत वर गेला.